धातूचे आयन आणि सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइड: प्रकल्प नोंदी

१६ जून

प्रश्न आधी नीट मांडून ठेवते. एकच पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी), एकच जिवाणू, तरी वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या एमआयसीमध्ये, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या किमान संहतीमध्ये, आठ-आठ पटींचा फरक कसा पडतो? जिवाणूचा उपप्रकार (स्ट्रेन), पेशींची संख्या, प्लेटचे प्लॅस्टिक ही कारणे आहेतच. आम्हाला बघायचे आहे ते माध्यमात, म्हणजे जिवाणू ज्यात वाढतात त्या ब्रॉथमध्ये, विरघळलेल्या धातूंचे काय. संशोधनलेखात पेप्टाइडची शुद्धता ९५ टक्के की ९८ हे आवर्जून लिहिलेले असते. ब्रॉथमध्ये मॅग्नेशियम किती होते, जस्त किती होते, याचा पत्ता नसतो.

मॅडमच्या मते धातूंचे दोन गट करावेत. एक, पेप्टाइडच्या वाटेत उभे राहणारे: सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. दोन, पेप्टाइडला जाऊन चिकटणारे: जस्त, तांबे, निकेल. कामाला सोयीची विभागणी, पण काटेकोर नाही. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाला कॅल्शियम चिकटते आणि त्यावाचून ते चालतच नाही. त्याची चाचणी घेताना माध्यमात कॅल्शियम लिटरमागे ५० मिलिग्रॅम ठेवावे लागते, ते याचमुळे.

निवडलेली पेप्टाइडे: पॉलिमिक्सिन बी, एलएल-३७, हिस्टॅटिन ५, बॅसिट्रॅसिन. पहिले आणि शेवटचे जिवाणूंनी बनवलेले, मधली दोन माणसाच्या शरीरातली. मॅगेनिन घ्यावे का यावर बराच वेळ चर्चा झाली. बेडकाच्या कातडीतले, १९८७ पासून अभ्यासलेले, साधे सरळ. पण धातू धरण्याच्या बाबतीत त्यात फारसे काही नाही. वगळले.

१९ जून

आज दिवसभर फक्त माध्यम.

नेहमीचा म्युलर-हिंटन ब्रॉथ ‘धनायन-समायोजित’ म्हणून मिळतो: कॅल्शियम लिटरमागे २० ते २५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १० ते १२.५. मोलरमध्ये दोन्ही साधारण अर्ध्या मिलीमोलरच्या आसपास. ही मर्यादा मुळात अशाच गोंधळामुळे घातली गेली, कारण अमिनोग्लायकोसाइड गटातली प्रतिजैविके आणि पॉलिमिक्सिन यांचे आकडे या दोन धातूंवर हलतात. जस्तावर मात्र अशी मर्यादा नाही. बॅचनुसार ते बदलते.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हा ब्रॉथ मांसाचा अर्क, केसीनचे आम्लाने केलेले तुकडे आणि स्टार्च यांचा. म्हणजे मोकळी अमिनो आम्ले भरपूर, त्यात हिस्टिडिनही. आपण ५० मायक्रोमोलर जस्त घातले असे वहीत लिहिले, तरी त्यातले मोकळे किती उरले हे कोणी सांगू शकत नाही. तांब्याची गत याहून वाईट, ते अमिनो आम्लांना आणखी घट्ट धरते. ‘जस्ताचा परिणाम दिसला नाही’ असे ब्रॉथमधल्या प्रयोगावरून लिहिणे म्हणजे जस्त पेप्टाइडपर्यंत पोचले होते असे गृहीत धरणे.

म्हणून दोन मांडण्या करायच्या. मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम यांसाठी ब्रॉथमध्ये एमआयसी चालेल. जस्त-तांब्यासाठी साधे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), त्यात धुतलेल्या पेशी, ठरावीक वेळ, मग प्लेटवर कॉलन्या मोजायच्या.

बफर कोणते? फॉस्फेट जस्ताला आणि कॅल्शियमला धरते, संहती वाढली की गाळ दिसतो. ट्रिस तांब्याला धरते. जस्तासाठी हेपिस ठरले. तांब्यासाठी हेपिसही निर्धोक नाही, त्याच्या पायपेराझिन वलयावर मूलके तयार होऊ शकतात. तिथे मॉप्स. सगळी काचेची भांडी सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर, मग डीआयोनाइज्ड पाणी. पेप्टाइड ठेवायला पॉलिप्रॉपिलीन. पॉलिस्टायरीनला धन प्रभाराची पेप्टाइडे चिकटून बसतात, आणि मग आपण मोजतो ते प्लॅस्टिकच्या भुकेचे मोजमाप.

२३ जून

पेप्टाइडांचे वजन. कुपीतल्या पावडरीत पाणी असते आणि पेप्टाइड बनवताना सोबत आलेले ट्रायफ्लुओरोॲसिटेट असते. वजनकाट्यावर एक मिलिग्रॅम दिसले म्हणून पेप्टाइड एक मिलिग्रॅम नसते. धातू आणि पेप्टाइडचे गुणोत्तर एकास एक की एकास दोन, यावरच पुढचा सगळा वाद अवलंबून असल्यामुळे इथे ढिलाई परवडणार नाही.

हिस्टॅटिन ५ सोपे: दोन टायरोसिन, २८० नॅनोमीटरला शोषणांक २९८०. एलएल-३७ मध्ये टायरोसिनही नाही, ट्रिप्टोफॅनही नाही, त्यामुळे २८० ला काहीच दिसत नाही. त्याचे अमिनो आम्ल विश्लेषण बाहेरून करून घ्यायचे ठरले.

जस्त क्लोराइडचे मूळ द्रावण उदासीन पाण्यात गढूळ होते. किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल घालून स्वच्छ ठेवले. पण हे आम्ल, त्यात पेप्टाइडसोबत आलेले आम्ल, दोन्ही मिळून कमी क्षमतेच्या बफरचा पीएच खाली ओढू शकतात. हिस्टिडिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रभार असतो तो) ६ च्या जवळ. पीएच अर्ध्याने घसरला तरी हिस्टिडिनवरचा प्रभार बदलतो आणि धातू धरण्याची ताकदही. म्हणून सर्व काही मिसळल्यानंतर पीएच पुन्हा मोजायचा, प्रत्येक मिश्रणाचा.

२६ जून

पॉलिमिक्सिन बी आणि मॅग्नेशियम. ही जुनी, माहितीची गोष्ट, पण आपली पद्धत बरोबर चालते का हे तपासायला उत्तम.

ग्रॅम-ऋण जिवाणूला आतल्या पटलाबाहेर आणखी एक पटल असते; त्या बाह्य पटलाच्या बाहेरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू दाटीने उभे असतात. त्यांच्या फॉस्फेटांवर ऋण प्रभार, म्हणजे एकमेकांना ढकलायला हवेत. ढकलत नाहीत, कारण मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसलेले असतात, दगडी बांधकामातल्या चुन्यासारखे. पॉलिमिक्सिन पाच धन प्रभार घेऊन येते, या आयनांना त्यांच्या जागेवरून हटवते, पटल तिथे विस्कटते आणि त्याच फटीतून आणखी पॉलिमिक्सिन आत शिरते. बाहेर मॅग्नेशियमचा साठा वाढवला की ही अदलाबदल उलट्या बाजूला झुकते.

९६ खळग्यांची (वेल) प्लेट, दुपटीची विरळ मालिका, मिलीलिटरमागे ५ लाख पेशी. ब्रॉथमध्ये १० मिलीमोलर जादा मॅग्नेशियम क्लोराइड. स्यूडोमोनास एरुजिनोसावर एमआयसी स्पष्ट वर सरकली. ई. कोलायवर सरकली की नाही यावर पैज लावणार नाही. दुपटीच्या मालिकेत एका वेलचा फरक हा पद्धतीचाच डळमळीतपणा असतो, त्याला निष्कर्ष म्हणत नाहीत.

इथे एक कंट्रोल (तुलनेची ओळ) बहुतेक ठिकाणी राहून जातो. १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइडची आयनिक तीव्रता ३० मिलीमोलर. मग फरक मॅग्नेशियममुळे पडला की नुसत्या खारटपणामुळे? शेजारच्या ओळीत ३० मिलीमोलर सोडियम क्लोराइड ठेवले. ती ओळ जागची हलली नाही. तेव्हा द्विप्रभारी आयनाची जागा अडवण्याची करामतच खरी, निदान या पेप्टाइडपुरती.

३० जून

एलएल-३७. इथे साधे मीठसुद्धा त्रास देते.

३७ अमिनो आम्ले, सुरुवातीला दोन ल्युसिन, एकूण प्रभार अधिक सहा. १० मिलीमोलर मिठात विद्युत आकर्षणाचा पल्ला सुमारे ३ नॅनोमीटर, १५० मिलीमोलरमध्ये तो ०.८ वर येतो. शरीरातले द्रव दुसऱ्या परिस्थितीत असतात, आणि कित्येक पेप्टाइडांची नावाजलेली मारकशक्ती पहिल्या परिस्थितीत मोजलेली असते. बीटा-डिफेन्सिन १ वर १९९० च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या संदर्भात जे काम झाले, त्याचा गाभा हाच होता: क्षार वाढले की हे पेप्टाइड मंदावते. फुप्फुसातल्या द्रवात क्षार खरोखर किती वाढतात यावर पुढे पुष्कळ वाद झाला. क्षारांनी पेप्टाइड मंदावते याबद्दल फारसा वाद नव्हता.

एलएल-३७ चा दुसरा स्वभाव मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शुद्ध पाण्यात ते विस्कळीत असते. सल्फेट, बायकार्बोनेट किंवा ट्रायफ्लुओरोॲसिटेट यांच्या काही मिलीमोलरमध्ये ते सर्पिल आकार घेते, आणि मारकशक्ती या आकाराशी बांधलेली आहे. म्हणजे जस्त सल्फेट घालून परिणाम दिसला तर श्रेय जस्ताचे की सल्फेटचे? यापुढे सगळे धातू क्लोराइड रूपातच. आणि सोबत आलेले ट्रायफ्लुओरोॲसिटेट बदलून घ्यायचे, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पुन्हा पुन्हा गोठवून सुकवायचे. कंटाळवाणे काम, पण दुसरा उपाय दिसत नाही.

सर्पिलाची खूण वर्तुळी द्विवर्णतेत (रेणूचा आकार ओळखणाऱ्या प्रकाशमापनात) २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दिसते. तिथे मात्र क्लोराइड अडथळा करते, २०० च्या खाली ते स्वतःच प्रकाश शोषते. त्या मापनापुरते फ्लुओराइड. एका प्रयोगात जे मीठ हवे तेच दुसऱ्यात नको, असे चालले आहे.

३ जुलै

धातू पेप्टाइडवर काय करतात एवढेच आतापर्यंत पाहत होतो. जिवाणूही धातू वाचतो.

साल्मोनेलाच्या पटलात फॉक्यू नावाचा संवेदक असतो. त्याच्या बाहेरच्या भागावर ऋण प्रभाराचा पट्टा, आणि पटल व तो पट्टा यांच्यामध्ये मॅग्नेशियम-कॅल्शियम बसलेले. मॅग्नेशियम भरपूर असेल तर संवेदक शांत. कमी झाले की जागा. आणि धन प्रभाराचे पेप्टाइड येऊन त्या आयनांना हटवते तेव्हाही तो जागा होतो. लिपोपॉलिसॅकराइडवर पेप्टाइड जी अदलाबदल करते, तीच इथे जिवाणूची धोक्याची घंटा झाली आहे. मग जिवाणू लिपिड ए च्या, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइडच्या पटलात रुतलेल्या भागाच्या, फॉस्फेटांवर अमिनोअरॅबिनोज चढवतो, ऋण प्रभार झाकतो, आणि पेप्टाइडला धरायला जागाच उरत नाही. पीएमआरबी हा दुसरा संवेदक बाहेरच्या तीनप्रभारी लोहाला प्रतिसाद देऊन जवळपास हेच करवतो.

याचा अर्थ मॅग्नेशियमचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात. चाचणीच्या वेळी मॅग्नेशियम जास्त, तर जिवाणू वाचतो, कारण पटल घट्ट राहते. पण वाढीच्या वेळी मॅग्नेशियम कमी असले, तरीही जिवाणू वाचतो, कारण त्याने चिलखत आधीच चढवलेले असते. रात्रभर वाढवलेली संवर्धने कोणत्या माध्यमात होती हे लेखात लिहिलेले नसेल, तर त्यातल्या पॉलिमिक्सिनच्या आकड्याचे नेमके काय करायचे?

मांडणी: स्यूडोमोनास किमान माध्यमात, एका चंबूत मॅग्नेशियम २० मायक्रोमोलर, दुसऱ्यात २ मिलीमोलर. मध्य-वाढीला दोन्ही काढून धुवायचे, एकाच बफरमध्ये आणायचे, पॉलिमिक्सिन घालायचे. धुणे महत्त्वाचे, नाहीतर दुसऱ्या चंबूतले मॅग्नेशियम चाचणीत येते आणि दोन परिणाम एकत्र मोजले जातात.

७ जुलै

प्लेटा वाचल्या. कमी मॅग्नेशियममध्ये वाढलेल्या पेशी जास्त जगल्या, फरक डोळ्यांनी दिसेल इतका. अपेक्षित होते, तरी एकाच जिवाणूचे, एकाच बफरमधले दोन आकडे शेजारी पाहिले की ‘या पेप्टाइडची एमआयसी इतकी’ हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

मॅडम म्हणाल्या, “याच्या अहवालाला वेगळे प्रकरण द्या, जस्तात मिसळू नका.” मान्य.

१० जुलै

हिस्टॅटिन ५. लाळेतले, कँडिडा अल्बिकन्स या बुरशीला मारणारे, २४ अमिनो आम्लांचे. त्यातली सात हिस्टिडिन. धातूंच्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत पेप्टाइड, म्हणून इथे वेळ घालवायला हरकत नाही.

सुरुवातीचे तीन घटक ॲस्पार्टेट-सेरीन-हिस्टिडिन. तिसऱ्या जागी हिस्टिडिन असले की पेप्टाइडचे मोकळे अमिनो टोक, पाठीच्या कण्यातले दोन अमाइड नायट्रोजन आणि हिस्टिडिनचे वलय मिळून चौरस तयार होतो. त्यात द्विप्रभारी तांबे किंवा निकेल चपखल बसते. अशी जागा पिसिडिन या माशातल्या पेप्टाइडांतही आहे. पुढे १५ ते १९ या जागांवर हिस्टिडिन-ग्लुटामेट-लायसिन-हिस्टिडिन-हिस्टिडिन, ही जस्ताच्या एन्झाइमांत भेटणारी मांडणी. शिवाय ७-८ आणि १८-१९ या शेजारी हिस्टिडिनांच्या जोड्या, ज्या एकप्रभारी तांब्याला धरतात. पेशीच्या आत तांबे बहुतांशी एकप्रभारीच असते, त्यामुळे फक्त सुरुवातीच्या चौरसाकडे बघत बसणे एकांगी ठरेल.

तांबे घालत गेले. पाण्यातल्या तांब्याचा फिकट निळा रंग जाऊन जांभळट छटा, शोषणाचा माथा ५२५ नॅनोमीटरच्या आसपास. एकास एक गुणोत्तरापर्यंत तो माथा चढत गेला आणि मग थांबला. पुढचे तांबे दुसरीकडे बसते, माथ्याचा आकार रुंदावतो. निकेलने पिवळा रंग, ४२५ जवळ. हा प्रयोग सगळ्यांना आवडतो कारण उत्तर डोळ्यांना दिसते. जस्त तसे नाही. त्याचे डी-कवच भरलेले, रंग नाही. तिथे रंगीत सूचकाशी स्पर्धा लावायची किंवा उष्णतामापन करायचे.

१४ जुलै

जस्त हिस्टॅटिनला मदत करते की अडवते? प्रसिद्ध निष्कर्ष दोन्ही बाजूंनी आहेत. एकीकडे पेप्टाइडपेक्षा कमी प्रमाणात जस्त असता पटल फाडण्याची क्रिया वाढते, दुसरीकडे जस्त बांधले गेले की पेप्टाइड पेशीत शिरतच नाही. मला यात विरोध कमी आणि परिस्थितीतला फरक जास्त दिसतो. गुणोत्तर वेगळे, बफर वेगळे, आणि मारण्याचे दोन मार्ग वेगळे: पटल फाडणे आणि आत शिरून काम करणे. जस्ताने पेप्टाइडला घडी घातली तर पहिला मार्ग सुधारू शकतो आणि दुसरा बंद होऊ शकतो.

आमची पहिली फेरी: अर्ध्या प्रमाणात जस्त, फरक प्लेटा-प्लेटांमधल्या विखुरणीत बुडाला. जादा जस्त, मारकशक्ती उतरली. एवढ्यावर कोणाची बाजू घेता येणार नाही.

तांब्याने मारकशक्ती वाढली, पण नुसत्या तांब्याच्या ओळीतही कॉलन्या कमी आल्या. नुसता धातू, नुसते पेप्टाइड, दोन्ही मिळून, या तिन्ही ओळी शेजारी नसतील तर कोणताही धातू पेप्टाइडला ‘मदत’ करतो असे दाखवता येते.

१७ जुलै

बॅसिट्रॅसिन, स्टॅफिलोकॉकसवर. ईडीटीए (धातूंना घट्ट धरणारे रसायन) घातले, क्रिया गेली. जस्त परत दिले, क्रिया आली. बॅसिट्रॅसिन पेशीभित्तिकेच्या बांधणीतल्या लिपिड वाहकाच्या पायरोफॉस्फेटला विळखा घालते आणि त्या विळख्याच्या मधोमध द्विप्रभारी आयन लागतो. इतके स्वच्छ उत्तर या प्रकल्पात दुसरे मिळेल असे वाटत नाही.

पण हाच ईडीटीए ग्रॅम-ऋण जिवाणूंवर वापरता येणार नाही. तो बाह्य पटलातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून काढतो आणि पटल स्वतःच उघडतो. मग पेप्टाइड ‘धातूशिवायही’ चालले असे दिसेल, प्रत्यक्षात दार ईडीटीएने उघडलेले. उपाय: कॅल्शियमने आधीच भरलेला ईडीटीए. त्याची पकड कॅल्शियमवर १०.७, जस्तावर १६.५, तांब्यावर १८.८, लॉग प्रमाणात. जस्त दिसले की तो कॅल्शियम सोडून जस्त घेतो, पटलातल्या कॅल्शियमला सहसा हात लावत नाही.

२१ जुलै

वाचन. घामातले डर्मसिडिन, २००१ मध्ये सापडलेले. त्याचा ४८ घटकांचा तुकडा ऋण प्रभाराचा आहे, म्हणजे ‘धन पेप्टाइड ऋण पटलाकडे ओढले जाते’ हे सूत्र इथे लागूच नाही. २०१३ साली त्याची स्फटिकरचना आली: सहा रेणूंची नळी, सांध्यांवर जस्त. आमच्या ‘वाटेत उभे राहणारे’ आणि ‘चिकटणारे’ या विभागणीत याला दुसऱ्या गटात टाकता येते, पण इथे जस्त पेप्टाइडला पेप्टाइडाशी जोडते. तिसरा रकाना करावा लागेल.

क्लॅव्हॅनिन ए या समुद्री प्राण्यातल्या पेप्टाइडाचेही वाचले, हिस्टिडिनांनी भरलेले आणि जस्ताने बळ मिळणारे. पुरवले तर पुढच्या वर्षी.

२४ जुलै

गटाच्या बैठकीत एक आक्षेप आला, आणि तो मला पटला. शरीरात हे जस्त-तांबे खरोखर उपलब्ध असते का?

दाह झालेल्या जागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येतात. त्यांच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मे कॅल्प्रोटेक्टिन हे एकच प्रथिन असते, आणि ते जस्त-मँगेनीज इतके घट्ट धरते की जिवाणू उपाशी राहतो. म्हणजे यजमान एका हाताने जस्त काढून घेतो. मग दुसऱ्या हाताने हिस्टिडिनयुक्त पेप्टाइडला जस्त कुठून देणार? उलट भक्षक पेशीच्या आतल्या पोकळीत तांबे आणि जस्त मुद्दाम ओतले जाते, जिवाणूला विष म्हणून, आणि जिवाणू कॉपए, झेडएनटीए असे पंप वापरून ते बाहेर फेकतो. तेव्हा एकाच संसर्गात धातूंचा दुष्काळ आणि पूर दोन्ही असतात, काही मायक्रोमीटरच्या अंतरावर. १०० मायक्रोमोलर जस्तातला आकडा पोकळीबद्दल काही सांगेल, बाहेरच्या द्रवाबद्दल काहीच नाही.

धातू कोणाकडे जाणार हे ताकदीच्या क्रमावरही ठरते. मँगेनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे असा चढता क्रम, जस्त तांब्याच्या खाली. दोन्ही धातू हजर असतील तर हिस्टॅटिनच्या सुरुवातीच्या चौरसात जस्ताला जागा मिळणार नाही. आणि आमच्या जस्ताच्या ओळींत मीठ-पाण्यातून अंशमात्र तांबे आले असेल तर ते थेट तिथेच बसलेले असणार. बफरचे धातूविश्लेषण करून घ्यायला पाठवले. निकाल येईपर्यंत हिस्टॅटिनच्या जस्ताच्या ओळी अहवालात घालत नाही.

२८ जुलै

पुढच्या फेरीची मांडणी:

हिस्टॅटिन ५ चे दोन नमुने, एक मूळ, दुसऱ्यात तिसऱ्या जागी हिस्टिडिनऐवजी ॲलनिन. दुसऱ्यात तांब्याचा चौरस बनणार नाही, जस्ताची मांडणी शाबूत राहील. प्रत्येकाला चार परिस्थिती: धातू नाही, जस्त, तांबे, दोन्ही. प्रत्येक परिस्थितीची कॅल्शियम-ईडीटीए असलेली जोडीदार ओळ. पेप्टाइडात धातू आधी मिसळून मग पेशी, आणि पेशीत धातू आधी मिसळून मग पेप्टाइड, असे दोन्ही क्रम, कारण पेशींचा पृष्ठभागही धातू धरतो आणि आधी कोण पोचले याने फरक पडू शकतो.

तक्त्यात एमआयसीच्या शेजारी चार नवे रकाने: वाढीच्या माध्यमातले मॅग्नेशियम, चाचणीतले मॅग्नेशियम व कॅल्शियम, घातलेला धातू कोणत्या क्षाराच्या रूपात, आणि मिसळल्यानंतरचा पीएच. मॅडमनी पाचवा सुचवला, प्लेटचे प्लॅस्टिक. घातला.

ॲलनिनवाला नमुना मागवला आहे. तो येईपर्यंत एलएल-३७ चे ट्रायफ्लुओरोॲसिटेट काढणे चालू.